माझं त्याला जातंय, त्याचं मला यायलं नाही

टेलिफोन खात्यात रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आमचे लाइनमन बप्पा यांनी टेस्टिंगचा हॅण्डसेट माझ्या कानाला लावला, त्याचे चिमटे एमडीएफवरच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या लाइनी एक्स्चेंजला जिथं जुळतात त्या चौकटीवरच्या, तारांच्या एका जोडीला अडकवले आणि विचारलं, "काय ऐकू यायलंय?"

"खरखर," मी म्हणालो.

"कशी खरखर? भजे तळल्यासारखी, का भुंगा घुमल्यासारखी?"

मला फरक सांगता येईना. त्यांनी दुसरी जोडी लावून ऐकवली, मग तिसरी. तळल्यासारखा आवाज असला तर केबलच्या सांध्यात पाणी शिरलंय. घुमल्यासारखा असला तर दोन तारांपैकी एक कुठंतरी जमिनीला टेकलीय, जोडीचा तोल गेलाय आणि शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांचा गुणगुणाट आत येतोय. लांबून दुसरंच कुणी बोलताना ऐकू आलं तर सांधा मारताना एका जोडीची तार दुसरीत गेलीय. बप्पा बीड जिल्ह्यातले. खांबावर चढून चढून त्यांच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. डेसिबल हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण बिघाडाची जागा आवाजच सांगतो हे मला त्यांनी शिकवलं, आणि पुढं आखातातून येणाऱ्या कॉलचे बिघाड शोधताना तेच कामाला आलं.

हे १९८९ सालचं. तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती, जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमधलं प्रशिक्षण उरकलं होतं, आणि नेमणूक मिळाली परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बसस्टँडच्या मागं दोन खोल्या. एकीत एक्स्चेंज, दुसरीत ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या, त्यांचा आंबूस वास कपड्यांना घरापर्यंत यायचा. परदेशी फोनच्या बिघाडांशी माझा संबंध येईल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं. पण आमच्या तालुक्यातला गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, वायरमन आखातात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं हैदराबादेत कुणाची ना कुणाची सोयरीक असायचीच, आणि कुणाचा व्हिसा हैदराबादच्या पाहुण्यामार्फत, कुणाचा मुंबईच्या एजंटामार्फत यायचा. माणूस तिकडं गेला की मागं राहिलेल्या घराला फोन लागायचा. घरात नसला तरी गावातल्या बूथवर.

मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवून बोलायची सोय १९७६ साली झाली होती. आमच्या गावापर्यंत ते परदेशी नंबराआधी फिरवायच्या दोन शून्यांचं वरदान पोचायला पुढं बरीच वर्षं गेली. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' लिहिलेला पहिला बूथ बसस्टँडसमोर भाईंनी टाकला. काचेची केबिन, आत एक स्टूल, बाहेर लाल आकड्यांचा मीटर. लोक आधी मीटर बघायचे आणि मग माणसाशी बोलायचे.

शारजात बसलेल्या मुलाचा आवाज आमच्या गावात कसा यायचा हे एकदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिथल्या एक्स्चेंजमधून तो उपग्रहावरून नाहीतर समुद्राखालच्या केबलवरून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय एक्स्चेंजमध्ये यायचा. तिथून औरंगाबाद, औरंगाबादहून परभणी, परभणीहून आमच्या रेडिओच्या मनोऱ्यावर, मनोऱ्यावरून एक्स्चेंजमध्ये आणि शेवटी दोन बारीक तारांवरून बूथपर्यंत. हजारो किलोमीटरची वाट आणि शेवटचा अर्धा किलोमीटर काळ्या मातीतून. आमची माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि दर वर्षी त्या ओढाताणीत केबलचे सांधे सैल होतात. जिथं तारा खांबावरून गेल्या होत्या तिथं उसाचे उंच भरलेले ट्रॅक्टर त्या तोडून न्यायचे. तांब्याची तार तर रात्रीतून गायब व्हायची, सकाळी नुसते खांब उभे. बहुतेक 'परदेशी' बिघाड खरं तर या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरातच असायचे. बहुतेक, सगळे नाही.

जे तिथले नसायचे त्यांच्यासाठी वेगळा कान लागायचा. प्रतिध्वनीचंच घ्या. मोंढ्यातला एक व्यापारी चिडून आला की मस्कतला बोलताना स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदानं परत ऐकू येतो, तुमची लाइन खराब आहे. त्याची जोडी तपासली, इन्सुलेशन चांगलं, लूप चांगला. मी दोन दिवस त्याच लाइनीवर घालवले आणि मग जबलपूरच्या वह्या काढल्या. फोनची जोडी दोन तारांची, पण लांबच्या मार्गावर जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातो, चार तारांवर. दोनाचे चार जिथं होतात तिथं एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा तोल नीट जुळला नाही की आलेल्या आवाजाचा थोडा भाग परतीच्या वाटेला लागतो. म्हणजे ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याची लाइन चांगली असते, बिघाड पलीकडच्या टोकाला असतो! मस्कतवाल्यानं आमच्या व्यापाऱ्याचा आवाज परत पाठवला होता. आणि आखातातला माणूस जेव्हा "इथं माझंच मला ऐकू येतंय" म्हणायचा, तेव्हा हातात टॉर्च घेऊन आम्हीच निघायचं.

अर्धा सेकंद का, हेही तेव्हाच नीट डोक्यात बसलं. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर. वर जायचं आणि खाली यायचं म्हणजे ७२,००० किलोमीटर. सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या वेगानंही त्याला पाव सेकंद लागतोच. आवाज जाऊन परत यायला अर्धा. नवरा-बायको दोन वर्षांनी बोलतायत, ती विचारते, तिकडून लगेच उत्तर येत नाही, तिला वाटतं ऐकू गेलं नाही, ती पुन्हा विचारते, तेवढ्यात त्याचं उत्तर तिच्या प्रश्नावर येऊन आदळतं. कितीतरी घरांत यावरून रुसवे झालेले मी पाहिलेत. "बोलतच नव्हते नीट, गप्प गप्प होते." भाईंनी केबिनच्या काचेवर कागद चिकटवला होता: 'बोला. थांबा. मग ऐका.' मला त्या कागदाचं फार कौतुक वाटायचं. आमच्या खात्यानं छापायला हवा होता तो.

एकदा नारायणगावला लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून आर्वीचं उपग्रह केंद्र बाहेरून पाहून आलो. आर्वी म्हटलं की आपल्याकडं वर्ध्याची आठवते, ही पुणे जिल्ह्यातली, जुन्नर तालुक्यातली. १९७१ साली सुरू झालेलं, विक्रम साराभाईंच्या नावानं ओळखलं जाणारं केंद्र. शेतांच्या मधोमध ती प्रचंड पांढरी थाळी आभाळाकडं तोंड करून उभी. मी रस्त्याच्या कडेला किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. आपल्या गावच्या बायाबापड्यांचं बोलणं अशाच एखाद्या थाळीवरून वर जातं, या विचारानं गळा दाटून आला होता.

दुरुस्त न करता येणारे बिघाडही असतात, ते नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिकडचे फोन लागेनासे झाले. तालुक्यातली जी घरं कुवेतच्या पगारावर चालत होती, ती सगळी आमच्या दाराशी. मी नंबर फिरवायचो, कुवेतच्या ९६५ नंतर नुसता टोन. लोकांना वाटायचं साहेबांच्या हातात काहीतरी आहे. माझ्या हातात हॅण्डसेट होता, बाकी काही नव्हतं. पुढं एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले, त्यांत आमच्याकडचेही होते. एक जण उतरल्यावर घरी जाण्याआधी एक्स्चेंजवर आला आणि म्हणाला, "साहेब, तिथून लय वेळा लावला फोन." मी त्याला चहा पाजला. दुसरं काही सुचलं नाही.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, गाव दमून झोपलं होतं. भांडी वाजली, पत्रे थरथरले, आम्ही अंगणात आलो. आमच्या गावात भिंतींना तडे गेले, त्यापलीकडं काही नाही. लातूर-उस्मानाबादकडं काय झालंय हे उजाडल्यावर रेडिओनं सांगितलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. सकाळी सात वाजल्यापासून दक्षिणेकडं जाणारा एकही मार्ग मोकळा सापडेना. औसा, उमरगा, निलंगा, सगळीकडं तोच तुटक टोन. आखातातल्या ज्यांना गावाकडं फोन लागेना, ते मराठवाड्यातला जो नंबर पाठ असेल तो लावत होते. भाईंच्या बूथवर दम्माम, दुबई, रियाध इथून फोन येत होते, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: "लागत नाही, म्हणजे गाव गेलं का?"

त्या दिवशी मी भाईंच्या शेजारी बसून टोनचा अर्थ सांगत होतो. तुटक टोन म्हणजे वाटेत गर्दी, बिघाड नाही, गावाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. रिंग जातेय पण उचलत कुणी नाही, म्हणजे तिथलं एक्स्चेंज उभं आहे, लाइन उभी आहे, घराचं माहीत नाही. एवढंच सांगायचं, याच्या पुढं एक शब्द नाही. धीर द्यावासा वाटायचा, जीभ पुढं यायची, मी आवरायचो. खोटा धीर देऊन फोन ठेवलेला माणूस तिकडं वाळवंटात एकटा बसणार होता. भाई वहीत गाव आणि नाव लिहून घ्यायचे आणि लातूरच्या बाजूला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडं चिठ्ठ्या द्यायचे. त्या चिठ्ठ्यांतल्या काहींची उत्तरं आली. काहींची आलीच नाहीत.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्याच हिवाळ्यातलं.

आमच्या गावापासून चार किलोमीटरवरच्या वाडीतल्या एक मावशी दर शुक्रवारी पहाटे चालत बूथवर यायच्या. मुलगा शारजात सुतारकामावर. शुक्रवारी तिकडं सुट्टी, दिवसभर कॅम्पातल्या फोनपुढं रांग, म्हणून तो पहाटे पाचलाच उठून फोन लावायचा. तेव्हा आपल्याकडं साडेसहा. भाई त्यांच्यासाठी थंडीतही सहाला शटर उघडायचे. नोव्हेंबर संपता संपता मावशींची तक्रार सुरू झाली. तक्रारीच्या रजिस्टरमध्ये पहिल्या वेळी नोंद झाली 'फोन डेड'. बप्पा गेले, फोन चालू. शेरा 'टेस्टेड ओके'. दुसऱ्या शुक्रवारी नोंद 'आवाज नाही'. बप्पांनी रिसीव्हरची वायर बदलली, कॅप्सूल बदललं. 'टेस्टेड ओके'. तिसऱ्या वेळी मी स्वतः दुपारी जाऊन बूथवरून औरंगाबाद आणि मुंबईला बोललो, दोन्हीकडं स्वच्छ. चौथ्या वेळी तक्रार वर पाठवली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय तक्रार डेस्कनं डॉकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडलं, त्यांच्या बाजूनं मार्ग तपासला, चांगला. मधल्या सगळ्यांचं उत्तर आलं, आमच्याकडं ठीक. मी मावशींना सांगून टाकलं, "तिकडचा दोष आहे मावशी, शारजाकडचा." मी हे पुराव्याशिवाय बोललो. सगळ्यांनी हात झटकले होते, तसे मीही झटकले. आजही ते आठवलं की मन खातं.

मावशी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी एक्स्चेंजच्या पायरीवर येऊन बसल्या. मी चहा मागवला आणि विचारलं, "मावशी, नेमकं काय होतं? तुमच्या शब्दांत सांगा."

"काय सांगू बाबा. रिंग येते. मी उचलते. हॅलो म्हणते. माझं त्याला जातंय, त्याचं मला यायलं नाही."

"तुमचं त्याला जातंय, हे कसं कळलं?"

"त्यानं पत्र लिवलंय की. आई, तू रडू नको, मला ऐकू येतंय तू रडलेलं."

मी रजिस्टर उघडलं. दीड महिन्यात चार नोंदी, आणि हे वाक्य एकाही नोंदीत नव्हतं. आम्ही तिच्या बोलण्याचं 'डेड' केलं, 'आवाज नाही' केलं, आणि आम्ही लिहिलेल्या त्या बिघाडाची तपासणी करत राहिलो. खरी तक्रार कुणी तपासलीच नव्हती. एकाच बाजूचा आवाज जाणं ही फार मोठी खूण आहे. गावातल्या दोन तारांवर दोन्ही बाजूंचा आवाज एकत्रच वाहतो, तिथं तार तुटली तर दोन्हीही जातात. एकच बाजू जाते ती जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या असतात तिथं, म्हणजे एक्स्चेंजच्या पलीकडच्या, मनोऱ्यावरच्या यंत्रणेत. रिसीव्हर सोडला तर बूथचा संबंध पहिल्या दिवशीच संपायला हवा होता. त्या दिवशी मी डॉकेटवर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि मुंबईलाही तसंच वाचून दाखवलं. डेस्कवरच्या मॅडम दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

उरला एक प्रश्न. आम्ही तपासतो तेव्हा सगळं ठीक, आणि तिलाच दर वेळी का? उत्तर रात्री अंथरुणात सापडलं. परभणीहून आमच्याकडं मनोऱ्यावरची ३० चॅनेलची डिजिटल यूएचएफ रेडिओ यंत्रणा होती. तिचं काम एसटीसारखं समजा. सेकंदाला ८,००० गाड्या सुटतात, प्रत्येक गाडीत ३२ जागा. ३० जागांवर ३० बोलणी, शून्य नंबरच्या जागेवर गाड्यांचा मेळ राखणारी खूण, आणि सोळा नंबरच्या जागेवर कंडक्टर. कुठला नंबर लागला, कुणी उचलला, कुणी ठेवला, ही सगळी माहिती कंडक्टरकडं. एक नंबरच्या जागेवरचा प्रवासी मुका झाला तरी कंडक्टरचा हिशोब बरोबरच असतो. रिंग जाते, फोन उचलला जातो, तिकडं मीटर पळतो, आणि कुठंही अलार्म वाजत नाही.

शिवाय परभणीचं एक्स्चेंज आमच्याकडं कॉल पाठवताना मोकळा चॅनेल पहिल्यापासून शोधायचं. दिवसा पहिला कुणीतरी धरलेलाच असायचा, बाकीचे पुढच्या चॅनेलवर यायचे. ज्याला तो पहिला मिळायचा तो बाहेरगावचा, "हॅलो हॅलो" ऐकून फोन ठेवून पुन्हा लावायचा. आमच्या रजिस्टरपर्यंत येणार कोण? पण पहाटे साडेसहाला सगळे तीस मोकळे. तिच्या मुलाचा कॉल दर वेळी पहिल्याच चॅनेलवर. त्यानं ठेवून परत लावला तरी पुन्हा पहिलाच. आणि आम्ही तपासत होतो इकडून तिकडं फोन लावून, ते चॅनेलच वेगळे.

हा झाला तर्क. तर्कावर चॅनेलचं कार्ड, म्हणजे त्याची सर्किटची पाटी, बदलायला वरून कार्ड मिळत नाही, आणि शारजाचा दोष सांगून मी एकदा चुकलो होतो. प्रत्यक्ष तिचा कॉल चालू असताना पकडायचा होता.

पुढचा शुक्रवार १४ जानेवारी १९९४. संक्रांत, आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा व्हायची म्हणून मराठवाडाभर बंदोबस्त. आम्हालाही मुख्यालय सोडायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळं रात्रीपासून मी एक्स्चेंजमध्येच. आदल्या संध्याकाळी वाडीत जाऊन मावशींना विचारून आलो होतो, "उद्या तुमचं बोलणं मला ऐकावं लागंल, चालंल का?" ग्राहकाचं बोलणं असं ऐकायची आम्हाला मुभा नाही, परवानगी लागते. त्या म्हणाल्या, "ऐक की. तुझ्यापासून मला काय लपवायचंय." मुंबईच्या मॅडमनाही कळवून ठेवलं होतं.

सव्वासहाला बप्पा बूथवर गेले. मी एमडीएफवर बूथच्या जोडीला हॅण्डसेटचे चिमटे लावून बसलो, एक्स्चेंजचं पडदा-कळफलकाचं टर्मिनल हाताशी. खिडकीबाहेर धुकं. सहा बत्तीसला रिंग आली.

"हॅलो? बाळा?"

आणि मग काही नाही. तो 'काही नाही' मी आयुष्यात विसरणार नाही. लांबच्या लाइनीवर कुणी बोलत नसलं तरी एक बारीक सुसकारा असतो, वाऱ्यासारखा. इथं तोही नव्हता. कोरडं. मळणी झालेल्या खळ्यासारखं रिकामं. आवाज पोचत नव्हता असं नाही, आलेला आवाज उलगडणारंच काही मेलं होतं. मी टर्मिनलकडं वळलो. कॉल कुठल्या चॅनेलवर आहे ते शोधायला वेळ लागणार होता, आणि तोवर कॉल तुटायला नको होता. बप्पांना तसं बजावून ठेवलं होतंच. हॅण्डसेटमध्ये त्यांचा आवाज आला, लांबून, केबिनच्या दारातून: "मावशी, ठेवू नका. बोलत राहा. त्याला ऐकू जायलंय."

आणि मावशी बोलत राहिल्या.

"ऐक रे. तुझं मला कायबी यायलं नाही, पण तू ऐक. ते एक्स्चेंजवालं लेकरू म्हणतंय बोलत राहा, म्हणून बोलायले. तूर चांगली आलीय. हरभऱ्याला घाटे धरलेत. म्हशीला रेडी झाली. तुझ्या बाचा खोकला कमी हाय आता, तू पैसे धाडले त्यातून औषध आणलं. आज संक्रांत हाय, तुला ठावं हाय का तिकडं? ववसायला जायचंय मला..."

समोरून एकही शब्द येत नसताना ती बाई थांबली नाही. मी कळफलकावर बोटं चालवत होतो आणि कानात हरभरा, रेडी, खोकला. पडद्यावर ओळ आली. बूथचा नंबर, आणि त्याच्यासमोर परभणीकडून येणाऱ्या गटातला चॅनेल एक.

तो चॅनेल कॉल संपताच आपोआप ब्लॉक होईल असं लावलं. इकडून ब्लॉक केला की परभणीच्या बाजूला आपसूक कळतं आणि ते पुढचा चॅनेल घेतात. कार्ड परभणीहून यायला पुढं चार दिवस लागले. काढलेलं कार्ड तपासलं तर येणारा आवाज उलगडणारा भागच निकामी, जाणारा ठणठणीत. पण त्या क्षणी कार्डाची गरज नव्हती. एवढंच हवं होतं की मुलानं फोन ठेवून पुन्हा लावावा. आणि तिचं त्याला ऐकू जातच होतं! मी सर्व्हिस लाइनवरून बूथच्या शेजारच्या दुकानात फोन केला, बप्पा धावत आले, धावत परत गेले.

"बाळा, आता ठेव. अन् लगेच परत लाव. ठेव म्हणते ना, ठेव."

कट.

पडद्यावर पहिला चॅनेल ब्लॉक झालेला दिसला. मी घड्याळाकडं बघत बसलो. रांगेतल्या कुणी फोन घेतला असेल का? त्याच्याकडचे पैसे संपले असतील का? आज संक्रांत असल्याचं त्याला आपल्या आईकडूनच कळलं असेल का? चार मिनिटं गेली. मग रिंग. पडद्यावर चॅनेल दोन. हॅण्डसेटमध्ये, कुणी बोलायच्या आधी, तो बारीक सुसकारा आला, आणि मी डोळे मिटले.

"आई?"

मावशींच्या बाजूनं काहीच आलं नाही. माझ्या छातीत धस्स झालं. आता ती बाजू गेली की काय?

"आई, येतंय का?"

"येतंय," मावशी म्हणाल्या. "येतंय रे. बोल. आता तू बोल, मी ऐकते."

मी चिमटे काढून घेतले. पुढचं ऐकायचं मला कारण नव्हतं. तेवढ्यात सर्व्हिस लाइन वाजली. मुंबईच्या मॅडम होत्या, त्यांची रात्रपाळी सातला संपत होती. "काय झालं तुमच्या मावशींचं? डॉकेट बंद करू का?"

पडद्यावर चॅनेल दोन अजून धरलेला होता.

"थांबा मॅडम," मी म्हणालो, "बोलणं चालू आहे अजून."